‘सावकाश द्या’ म्हणण्याआधी

घरमालक आणि भाडेकरू यांच्यातली बरीच भांडणं कडक नियमांमुळे सुरू होत नाहीत. ती ‘सावकाश द्या’, ‘बघू नंतर’, ‘चालतंय हो’ अशा शब्दांतून सुरू होतात. भाडेकरू सांगतो, या महिन्यात जरा ओढाताण आहे. घरमालक मनाने चांगला असतो, म्हणतो, सावकाश द्या. आता सावकाश म्हणजे कधी? मालकाच्या मनात आठ दिवस असतात, भाडेकरूच्या मनात पुढचा पगार. दहाव्या दिवशी मालकाला वाटतं आपल्याला गृहीत धरलं, आणि भाडेकरूला वाटतं आपण तर ठरल्याप्रमाणेच चाललोय. दोघांचंही आपापल्या जागी बरोबर असतं.

म्हणून सवलत जरूर द्या, पण तारीख आणि आकडा घालून, लिहून द्या. न लिहिलेली सवलत दोन-तीन महिन्यांत नियम होऊन बसते. एकदा भाडं ५ ऐवजी १५ तारखेला आलं, तुम्ही काही बोलला नाहीत, पुढच्या महिन्यात तेच झालं, की तिसऱ्या महिन्यात भाडेकरूच्या लेखी १५ हीच खरी तारीख असते. हा फक्त सवयीचा प्रश्न नाही. अनेक देशांच्या कायद्यात, उशिरा येणारं भाडं वारंवार मुकाट्याने घेणाऱ्या मालकाला एक दिवस उठून करारातल्या तारखेवर बोट ठेवता येत नाही. ‘यापुढे भाडं ठरलेल्या तारखेलाच हवं’ असं आधी स्पष्ट कळवावं लागतं. त्यासाठी भाडेकरारात हे वाक्य घालून ठेवावं: ‘मालकाने एखाद्या वेळी दिलेली मुदत किंवा सवलत त्या वेळेपुरतीच असेल, त्यामुळे करारातली कोणतीही अट बदलली असं समजलं जाणार नाही.’

आणि सवलत देताना मेसेज असा असावा:

‘नमस्कार. आज फोनवर बोलल्याप्रमाणे मार्चच्या भाड्यातलं निम्मं मिळालं. उरलेलं निम्मं तुम्ही २० मार्चपर्यंत देणार असं ठरलं आहे. या वेळी उशिराचा आकार लावत नाही. एप्रिलचं भाडं नेहमीप्रमाणे ५ तारखेला. बरोबर असेल तर कळवा.’

सगळा मजकूर ओळीभराच्या चार-पाच वाक्यांचा, पण त्यात काय मिळालं, काय राहिलं, ते कधी येणार, कोणती सूट दिली आणि ती कुठे संपते, हे सगळं आलं. शेवटचं ‘कळवा’ गाळू नका. समोरून ‘हो, बरोबर’ असं आलं की तो दोघांचा ठराव होतो. नाहीतर ती एकट्या मालकाची नोंद राहते.

तारीख आणि उशीर

दर महिन्याला उशीर होत असेल तर आधी पगाराची तारीख विचारा. ज्याचा पगार ७ तारखेला होतो त्याला १ तारखेचं भाडं लावलं, तर तो दर महिन्याला थकबाकीदार ठरतो आणि तुम्ही दर महिन्याला आठवण करत बसता. भाड्याची तारीख १० करून टाका, करारात तशी दुरुस्ती करा, पहिल्या वेळी मधल्या दिवसांचं भाडं दिवसाच्या हिशेबाने घ्या. यात तुमचं काही जात नाही. एवढी लवचिकता दाखवल्यावर मग १० म्हणजे १० असं ठामपणे सांगता येतं.

उशीर झाला तर काय करायचं याचा क्रम आधीच ठरलेला असावा, म्हणजे तो तुमच्या त्या दिवशीच्या मनःस्थितीवर अवलंबून राहत नाही. ठरलेल्या तारखेनंतर ३ ते ५ दिवस मोकळे सोडावेत, कारण बँकेची सुट्टी, अडकलेलं ट्रान्स्फर, साधं विसरणं हे सगळं त्यात मावतं. त्यानंतर पहिला मेसेज आठवणीचा, विसरले असतील असं धरून लिहिलेला. आणखी ३ दिवसांनी फोन, आणि प्रश्न एकच: काही अडचण आहे का? दहाव्या दिवसापर्यंत पैसे नाहीत आणि तारीखही नाही, तर लेखी पत्र: किती थकलं, कोणत्या महिन्याचं, कोणत्या तारखेपर्यंत हवं आणि त्यानंतर तुम्ही करारातल्या कोणत्या कलमाप्रमाणे वागणार. जे करणार नाही ते पत्रात लिहू नका. ‘उद्या सामान बाहेर काढीन’ असं लिहून दुसऱ्या दिवशी गप्प बसलात, तर पुढचं प्रत्येक पत्र रद्दी ठरतं. आणि खरोखरच सामान बाहेर काढणं, कुलूप बदलणं, पाणी किंवा वीज तोडणं हे बहुतेक ठिकाणी बेकायदा आहे. भाडं थकलेलं असतानाही तसं केलं तर न्यायालयात मालकच आरोपीसारखा उभा राहतो. कितीही राग आला तरी मेन स्विचला हात लावायचा नाही.

उशिराचा आकार लावावा का, यावर दोन्ही बाजूंनी पोटतिडकीने बोललं जातं. इस्रायलमधल्या हायफा शहरात पाळणाघरांवर झालेला एक अभ्यास इथे चपखल लागू पडतो. उरी ग्नीझी आणि आल्डो रुस्तिकिनी यांनी तो २००० साली प्रसिद्ध केला. मुलांना न्यायला पालक उशिरा येत, म्हणून १० पैकी ६ पाळणाघरांत १० मिनिटांपेक्षा जास्त उशिराला छोटा दंड ठेवला. उशीर कमी व्हायच्या ऐवजी वाढला. आधी उशीर झाला की शरमल्यासारखं व्हायचं. आता पैसे मोजले की झालं. पुढे दंड काढून टाकला तरी उशीर पूर्वीच्या पातळीवर आला नाही. भाड्याचंही तसंच आहे. आकार लावला की काही भाडेकरूंना ते उसनवारीचं व्याज वाटू लागतं, आणि तुम्ही नकळत सावकार होता.

तरीही आकार मुळीच नसावा असं मला वाटत नाही. तो असावा, पण एकरकमी, मासिक भाड्याच्या २ ते ३ टक्के, करारात लिहिलेला आणि तिथल्या कायद्यात मर्यादा असेल तर तिच्या आत. दिवसागणिक वाढत जाणारा आकार टाळा. २५ दिवसांनी तो इतका फुगतो की तो मिळणार नाही हे दोघांनाही कळून चुकतं. मग तो सोडावा लागतो, आणि त्याच्याबरोबर करारातल्या बाकीच्या कलमांचाही वचक जातो. आकाराबरोबर आठवणीचा फोन सुरूच ठेवा, कारण उशीर टळतो तो मुख्यतः त्या फोनमुळे.

अडचण खरी असते तेव्हा

नोकरी गेली, घरात आजारपण आलं, धंद्यात पैसे अडकले. अशा वेळी माणुसकी दाखवायलाच हवी, आणि ती दाखवताना हिशेबही मांडायला हवा. हिशेब टाळला की महिनाभराची मदत सहा महिन्यांच्या वैरात संपते. तीन गोष्टी विचारा: आत्ता किती देता येईल, पुढचे पैसे कुठून आणि कोणत्या तारखेला येणार, आणि ते आले नाहीत तर काय. तिसऱ्या प्रश्नाला माणूस बिचकतो, पण तोच सगळ्यात उपयोगी आहे.

मग हप्ते बांधा. एक महिन्याचं भाडं थकलं असेल आणि ते चार महिन्यांत फेडायचं ठरलं, तर दर महिन्याला भाड्याच्या सव्वापट रक्कम द्यावी लागणार. ज्याला पूर्ण भाडं जड जात होतं त्याला सव्वापट झेपेल का, हे त्याच्यासमोर बसून तपासा. नाहीतर आठ महिने घ्या, म्हणजे दर महिन्याला आठवा हिस्सा जास्त. अशा योजना फसतात त्या बहुतेक वेळा हप्ता मोठा असतो म्हणून, किंवा पहिला हप्ता पैसे हातात येण्याआधीच पडतो म्हणून. पहिला हप्ता नव्या पगाराच्या तारखेनंतर दोन-तीन दिवसांनी ठेवा. लाजेपोटी माणूस मोठा आकडा बोलून जातो. तो कमी करायला तुम्हीच सांगा. पाळला जाणारा छोटा हप्ता मोडलेल्या मोठ्या हप्त्यापेक्षा कितीतरी बरा.

किती दिवस थांबायचं, ही मर्यादा दया येण्याआधी ठरवून ठेवायची असते. तिचं गणित सोपं आहे. डिपॉझिटमधून आधी घर रिकामं होईपर्यंतच्या काळाचं भाडं वजा करा, मग दुरुस्तीचा अंदाज वजा करा. जे उरतं तेवढीच थकबाकी तुम्ही सोसू शकता. समजा डिपॉझिट तीन महिन्यांच्या भाड्याइतकं आहे, नोटिशीनंतर घर सुटायला एक महिना जातो आणि रंग-दुरुस्तीला अर्ध्या महिन्याच्या भाड्याएवढा खर्च येतो. मग दीड महिन्याची थकबाकी ही तुमची शेवटची रेघ. डिपॉझिट दोनच महिन्यांचं असेल तर अर्ध्या महिन्यातच निर्णय घ्यावा लागतो. आणि ते एकाच महिन्याचं असेल तर दिलेली प्रत्येक मुदत निव्वळ विश्वासावर आहे, हे ओळखून द्या. ही रेघ भाडेकरूलाही सांगा. तिच्यापलीकडे काय होणार हे त्याला आधीपासून ठाऊक असेल, तर रेघ आल्यावर विश्वासघात झाल्यासारखं वाटत नाही.

रेघ जवळ आली की एक दार उघडं ठेवावं. उत्पन्न लवकर सुरू होण्याची चिन्हं नसतील तर तुम्हीच सुचवा: करारातली नोटीस महिन्याची असली तरी १५ दिवसांत घर सोडलंत तर उरलेल्या नोटिशीचे पैसे घेणार नाही, थकबाकी डिपॉझिटमधून वळती करून बाकी परत देईन. मोठ्या घराचं भाडं ओढत कर्जात बुडण्यापेक्षा छोट्या घरात जाणं भाडेकरूच्याही भल्याचं असतं. पण ‘मुदत संपली तरी राहू दे’ याच्याइतकंच ‘सन्मानाने जाऊ दे’ हेही औदार्यच आहे, हे वेळेवर सुचत नाही.

अर्धवट रक्कम घेताना पावतीवर ती कोणत्या महिन्यापोटी घेतली ते लिहा, आणि आधी सगळ्यात जुनी बाकी फेडून घ्या. घर सोडण्याची नोटीस दिल्यानंतर भाडं म्हणून पैसे स्वीकारले, तर अनेक ठिकाणच्या कायद्यात ती नोटीस तुम्हीच सोडून दिली असा अर्थ निघू शकतो. तेव्हा नोटिशीनंतर काही स्वीकारायचं असेल तर आधी वकिलाला विचारा आणि पावतीचे शब्द त्यांच्याकडूनच घ्या.

जिथे वाकायचं नाही

पैशांच्या बाबतीत वाकता येतं, कारण पैसे उशिरा का होईना येतात. सुरक्षिततेत मात्र वाकू नये. २००० वॅटचा हीटर २३० व्होल्टवर जवळपास ९ अँपिअर प्रवाह ओढतो. तो ६ अँपिअरच्या सॉकेटवर, वरून एक्स्टेन्शन बोर्ड लावून चालवला की आधी पिनेजवळचं प्लास्टिक पिवळं पडतं, मग तपकिरी, मग जळका वास येतो. एमसीबी (प्रवाह जास्त झाला की वीज तोडणारा स्विच) वारंवार पडते म्हणून कुणी ती जास्त अँपिअरची बसवून घेतली, तर वायर तापत राहते आणि तोडणारं काही उरत नाही. ‘फक्त हा हिवाळा चालवतो’ या विनंतीला उत्तर ‘नाही’ हेच. पण नुसतं नाही म्हणून थांबू नका. जड उपकरणासाठी स्वतंत्र लाईन आणि १६ अँपिअरचं सॉकेट टाकून देणं हे मालकाचं काम आहे. ते करून दिलंत की नियम पाळणं भाडेकरूला सोपं जातं.

पोटभाडेकरू ठेवणं, भिंत फोडणं, वायरिंग किंवा पाण्याच्या लाईनमध्ये परस्पर बदल करणं, गॅसची नळी स्वतः जोडणं, यांनाही तोंडी परवानगी कधीच नको. राहणाऱ्यांची संख्या वाढली तर त्यांची नावं करारात यायला हवीत. पाहुणे कितीही येवोत, पण सलग दोन आठवड्यांच्या वर कुणी राहणार असेल तर कळवायचं, एवढी अट पुरते. खिळे मारायचे नाहीत, अमुक वाजता दिवे बंद, असले नियम मात्र काढून टाका. कुणी पाळत नाही असे पाच नियम यादीत असले की उरलेले पाचही गांभीर्याने घेतले जात नाहीत.

घरात शिरण्याच्या बाबतीत नियम मालकाने पाळायचा असतो. चावी जवळ आहे म्हणून भाडेकरू बाहेर असताना दार उघडायचं नाही. किमान २४ तास आधी कळवायचं, कारण सांगायचं, त्यांच्या सोयीची वेळ घ्यायची. पाणी वाहतंय, धूर येतोय, गॅसचा वास येतोय, एवढेच अपवाद, आणि तेव्हाही फोन करतच आत जायचं.

दुरुस्तीत कडकपणा स्वतःशी

जो मालक भाड्याच्या तारखेला कडक आणि दुरुस्तीला ढिला असतो, त्याचा कडकपणा भाडेकरू मनापासून मानत नाहीत, आणि ते साहजिक आहे. दुरुस्तीचे दिवस करारातच लिहून टाका. गॅसचा वास, विजेची ठिणगी, पाणी पूर्ण बंद, मोठी गळती, मुख्य दाराचं कुलूप नादुरुस्त, घरातला एकमेव संडास तुंबलेला: २४ तासांच्या आत. गिझर, फ्लश टँक, टपकणारा नळ: ३ दिवस. कपाटाची बिजागरी, सैल टाईल: दोन आठवडे. बल्ब, रिमोटचे सेल असं वापरून संपणारं भाडेकरूकडे. भिंतीतले पाईप, वायरिंग, छप्पर मालकाकडे. स्पष्ट निष्काळजीपणाने मोडलं असेल तर ज्याने मोडलं त्याच्याकडे.

टपकणाऱ्या नळाकडे लोक दुर्लक्ष करतात. सेकंदाला एक थेंब म्हणजे दिवसाला २० लिटरच्या आसपास पाणी जातं. कारण बहुतेक वेळा आत झिजलेला रबरी वायसर, दहा मिनिटांचं काम. पण तेच पाणी सिंकखालच्या सांध्यातून मुरत असेल तर प्लायवूड फुगतं, आणि ओलं राहिलेलं लाकूड किंवा प्लॅस्टर २४ ते ४८ तासांत वाळलं नाही तर बुरशी धरू लागते. मालकाला हे उशिरा कळतं, कारण मागच्या वेळी काही मोडल्याचं सांगितलं तेव्हा बोलणी बसली होती. एक नियम स्वतःला घालून घ्या: बिघाड कळवणाऱ्यावर कधीही चिडायचं नाही, चूक त्याची असली तरी. आधी ‘लगेच सांगितलंत ते बरं केलंत’, मग दुरुस्ती, मग खर्च कुणाचा त्याचं बोलणं. लगेच कळवलेल्या छोट्या नुकसानीचा निम्मा खर्च मालकाने उचलला तरी तो स्वस्तात सुटतो. इथे मी मोकळ्या हाताचा पुरस्कार करतो.

भाडेवाढीतही आधी गणित करा. ५ टक्के वाढ म्हणजे वर्षभरात एका महिन्याच्या भाड्याच्या ६० टक्के जास्त मिळतात. त्या वाढीमुळे चांगला भाडेकरू गेला आणि घर एकच महिना रिकामं राहिलं, तर तो तोटा भरून निघायला २० महिने लागतात. रंगकाम आणि दलाली वेगळीच. वेळेवर पैसे देणारा, घर जपणारा माणूस असेल तर वाढ कमी करा किंवा वर्षभर थांबवा, आणि ते कशासाठी करताय हे त्याला शब्दांत सांगा. नाहीतर त्याला वाटेल तुम्ही विसरलात. वाढ करायचीच असेल तर दोन-तीन महिने आधी लेखी कळवा, म्हणजे त्याला दुसरं घर बघायला वेळ मिळतो.

एकाहून जास्त भाडेकरू असतील तर सवलतीचा निकष सगळ्यांना एकच हवा: उदाहरणार्थ, १२ महिन्यांत एकदा १० दिवसांची मुदत, कारण न विचारता. जिन्यात भेटल्यावर लोक एकमेकांना सगळं सांगतात. गोड बोलणाऱ्याला मुदत आणि अबोल माणसाला नोटीस असं झालं, तर पुढच्या महिन्यापासून तुमच्या दारात गोड बोलणाऱ्यांची रांग लागते. नातेवाईक किंवा मित्र भाडेकरू असेल तर करार आणखी काटेकोर लिहा. बाकीच्यांशी बोलून मिटवता येतं, इथे संकोचापायी कुणीच बोलत नाही.

राहता राहिलं डिपॉझिट, जिथे वर्षानुवर्षांचं चांगलं नातं शेवटच्या आठवड्यात नासतं. त्याचा बंदोबस्त पहिल्या दिवशी करायचा असतो. घर ताब्यात देताना दोघांनी मिळून प्रत्येक खोलीचा व्हिडिओ काढायचा. त्यात सिंकखाली, गिझरच्या मागे, खिडकीच्या चौकटी, गादीखाली बघायचं, मीटरचे आकडे वाचायचे, चाव्या मोजायच्या, आणि तो व्हिडिओ दोघांच्या फोनमध्ये ठेवायचा. घर सोडताना त्याच क्रमाने पुन्हा. उन्हाने फिका पडलेला रंग, फोटो टांगल्याची बारीक भोकं, दाराजवळ झिजलेली फरशी ही वापराची झीज, तिचे पैसे कापायचे नाहीत. तडकलेलं बेसिन, जळलेला ओटा, हरवलेली चावी हे नुकसान. त्यातही पूर्ण किंमत लावायची नाही. भिंतीचा रंग ५ वर्षं टिकतो असं धरलं, भाडेकरू ३ वर्षं राहिला आणि भिंत खरोखरच खराब करून गेला, तर त्या भिंतीच्या रंगकामाचे पाचातले दोन भाग त्याचे, तीन तुमचे. हिशेबाचा कागद कलमवार करा, प्रत्येक कपातीला बिल आणि फोटो जोडा, आणि करारात लिहिलेल्या दिवसाच्या आत उरलेली रक्कम खात्यात भरा. नवा भाडेकरू मिळेपर्यंत ती अडवून ठेवायची नाही. शेवटचं वीजबिल यायचं असेल तर मागच्या तीन बिलांची सरासरी तेवढी राखून ठेवा, बाकी आजच द्या, आणि बिल आलं की फरक आणि बिलाचा फोटो त्याच दिवशी पाठवा.